पांढरी जर्सी आमच्या गल्लीत

इंग्लंडमधल्या ज्या क्लबचा मी कॉलेजात असल्यापासून चाहता आहे, त्या क्लबचा सगळ्यात मोठा खेळाडू एका उन्हाळ्यात उठून कट्टर वैऱ्यांकडे गेला, तेव्हा मी काहीही फोडलं नाही. मोबाईलवर बातमी वाचली, शेजारच्या दुकानदाराला म्हटलं, "जाऊ दे की, प्रोफेशनल माणूस हाय, त्यानं त्याचं बघायला नको?" आणि माझं दुकान उघडलं. मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता माझा चुलतभाऊ आमची तालीम सोडून रस्त्यापलीकडच्या तालमीत खेळायला गेला, आणि मी भर चौकात पेट्रोल ओतून त्याची आमच्या तालमीतली जुनी जर्सी जाळली. यात काही विसंगत आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं वाटत नाही.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे समजावताना माझं डोकं फिरतं. तालीम म्हटलं की त्याला लंगोट लावलेले पैलवान दिसतात. पैलवान होते, अजूनही मागच्या खोलीत तांबड्या मातीचा हौदा आहे, पण गेल्या कित्येक वर्षांत गल्लीचं रक्त उसळतं ते फुटबॉलवर. एकेका पेठेची एकेक तालीम, तालमीचा एकेक संघ. माणूस जिथं जन्मतो तो संघ त्याचा. यात निवड नसते. आई निवडतो का कोणी? आमची जर्सी तांबडी, रस्त्यापलीकडच्यांची पांढरी. मटणाच्या ताटात तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं बसतात. गॅलरीत बसत नाहीत, म्हणून मधे पोलीस बसवावे लागतात.

माझ्या डाव्या भुवईत एक खाच आहे. पांढऱ्या बाजूकडून आलेल्या काँक्रीटच्या तुकड्याची ती खूण, तिथं केस उगवत नाहीत. माझा न्हावी पांढऱ्या तालमीचा आहे. दाढी करताना तो दर वेळी त्या खाचेवरून बोट फिरवतो आणि हसतो, आणि वस्तरा त्याच्या हातात असल्यामुळे मी गप्प बसतो. त्याच्या मेव्हण्याचा पुढचा दात कुणी पाडला हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तेव्हा आमच्यात हिशेब बाकी नाही.

तर हा चुलतभाऊ. माझ्याहून बराच लहान, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर वाढलेला. त्याचे वडील म्हणजे माझे चुलते आमच्या तालमीचे गोलकीपर होते. उजव्या हाताची बोटं मोडून वाकडीच जुळली होती, जेवताना घास नीट धरता यायचा नाही, पण ती बोटं ते पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा फोटो तालमीत हौद्याच्या वरच लावलेला आहे. पोरगं त्या फोटोखाली चेंडू लाथाडत मोठं झालं. डाव्या पायाचा असा स्ट्रायकर आमच्या पेठेत आधी कुणी पाहिला नव्हता. तो डावीकडून आत घुसला की आमची अख्खी गॅलरी एकदम उभी राहायची, आणि पांढऱ्यांच्या गॅलरीतून त्याच्या आईच्या नावानं शिव्या यायच्या. माझी काकी ते ऐकून खूष व्हायची. "शिव्या आल्या म्हंजी पोरगं चांगलं खेळतंय," असं म्हणायची.

काकी स्टेडियममध्ये कधी गेली नाही. ती आमच्या गच्चीवर वाळवणाजवळ बसते. तिथून मैदान दिसत नाही, पण गर्जना ऐकू येते, आणि तेवढं तिला पुरतं. चुलते होते तेव्हापासून मॅचच्या दिवशी ती सकाळीच सगळ्या संघाला ओवाळते. एकेक पोरगं बूट घालून आमच्या दारात येतं, काकी कुंकू लावते, निरांजन फिरवते आणि म्हणते, "मार खाऊन येऊ नगंस." खेळाडूच्या कपाळावर काकीचं कुंकू नसेल तर आमचा कॅप्टन त्याला मैदानात उतरू देत नाही, मग तो आफ्रिकेतून आलेला का असेना.

आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. हल्ली प्रत्येक तालीम बाहेरून एखाद-दुसरा खेळाडू आणते. आम्ही आणला तो उंच, शांत, पोटरीला दगड लागला तरी वळून न बघणारा स्ट्रायकर. पहिल्याच आठवड्यात गल्लीनं त्याला घरचा करून टाकला. तांबडा रस्सा पिताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तर आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच्या आधीच्या वर्षी तो आमच्याविरुद्ध खेळला होता आणि पुढंमागं आणखी कुणाकडून खेळणार हे सगळ्यांना माहीत होतं. कुणालाही त्याचा राग नव्हता. पाहुणा माणूस, जेवेल, खेळेल, जाईल.

पण तो आला आणि आमचं पोरगं बाकावर गेलं. अर्धा सीझन ते बाकावर बसून होतं. शेवटच्या पाच-दहा मिनिटांसाठी उतरवायचे, तेव्हा चेंडू जरा पायातून निसटला की आमचीच गॅलरी ओरडायची, "बाहीर काढा ह्याला, काळ्या भावाला आणा." मीही ओरडलो असेन. गॅलरीत कोण काय ओरडतं याची नोंद नसते. माझं मत असं होतं आणि आहे की बाक आपला असेल तर बाकावर बसावं. चुलत्यांनीही सुरुवातीला बाकच पुसला होता.

आता नोंदणीच्या आठवड्याचं. सीझनआधी खेळाडूंची फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात नोंद होते, आणि त्या दिवसांत खेळाडू पळवतात. पळवतात म्हणजे अक्षरशः. रात्री गाडीत घालतात, कुणाच्या तरी मळ्यावर ठेवतात आणि सही करायच्या दिवशी घेराव घालून आणतात. माझी सासुरवाडी कोडोलीची. सासऱ्यांच्या उसातल्या खोलीत आमच्या तालमीचे कितीतरी खेळाडू लपून राहिलेत, सासूबाईंनी त्यांना भाकरी थापून घातल्यात. त्या वर्षी आम्ही पाहुण्या स्ट्रायकरला तिथं नेला. दाराशी माणसं बसवली, बांधावर माणसं बसवली. मी स्वतः कुऱ्हाडीचा दांडा घेऊन पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसलो होतो. आणि घरच्या पोराकडे कुणीच बघत नव्हतं. घरचं पोरगं कुठं जातंय? त्याच्या बापाचा फोटो तालमीत आहे, त्याची आई संघाला ओवाळते, त्याला कसला पहारा? आम्ही उसात डास मारत बसलो, आणि तो सकाळी आंघोळ करून, चप्पल घालून, चालत रस्ता ओलांडून पांढऱ्यांच्या तालमीत गेला आणि त्यांच्याबरोबर जाऊन सही करून आला. त्याला कुणी पळवला नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मी कोडोलीहून परत आलो तो सरळ जिन्यावरच गाठ पडली. तो वरून उतरत होता. मी त्याची कॉलर धरली आणि थोबाडीत दिली. डोकं भिंतीवर आपटलं, चुन्याचा पोपडा खाली पडला.

"दादा, सोड," तो म्हणाला. "मला खेळायचंय. बसायचं न्हाय."

"बापाचा फोटो उतरीव मग आधी तालमीतला."

"फोटो तालमीचा हाय. पाय माझं हायत."

मी परत हात उचलला तेवढ्यात काकी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात उलथनं होतं, भाकरी तव्यावर करपत होती. तिनं मला बाजूला ढकललं. मला वाटलं, पोराला पाठीशी घालणार. पण ती त्याच्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "खेळ जा कुठं खेळायचं तिथं. पण त्या पांढऱ्या रंगात या दारात आलास तर मी ओवाळणार न्हाय. उंबरा वलांडायचा न्हाईस."

हे वाक्य काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला लगेच कळेल, इतरांना सांगतो. फायनल जिंकणाऱ्या संघाची मिरवणूक निघते. हलगी-घुमक्याचा ठेका, गुलाल. ती एकेका खेळाडूला त्याच्या दारापर्यंत पोचवते. दारात घरची बाई त्याला ओवाळते आणि मगच तो आत जातो, मगच गुलाल धुतो. ओवाळल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तांबडे काय, पांढरे काय, ही रीत सगळ्या तालमी पाळतात. याचा अर्थ, पांढऱ्यांनी फायनल जिंकली तर पोरगं जांभळ्या-गुलाबी गुलालात, पांढऱ्या जर्सीत आमच्या गल्लीत येणार आणि त्याची आई दार लावून घेणार. त्याला घरात यायचं असेल तर हरावं लागणार होतं.

तो सीझन आमच्या घरात कसा गेला ते विचारू नका. पोरगं मागच्या दारानं बोळातून जायचं, मागच्याच दारानं यायचं, अंगावर साधा टी-शर्ट. पांढरी जर्सी पलीकडेच ठेवायचं. त्याच्या मोटरसायकलची सीट कुणीतरी ब्लेडनं फाडली. मीच दुसरी बसवून दिली, कारण दुकान माझं आहे आणि गाडी घरची आहे. ती पण फाडली. दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस समोर उभी करून धार काढतात, तिथं आमच्या गल्लीतल्या गवळ्यानं त्याला ग्लास दिला नाही. तो तसाच परत आला. घरात काकी त्याला वाढायची, पण त्याच्याशी फुटबॉलवर बोलायची नाही. सेमीफायनलला त्यानं कसला गोल मारला ते सगळ्या शहरानं मोबाईलवर परत परत पाहिलं. काकीनं पाहिला की नाही माहीत नाही. मी पाहिला, दुकानाच्या मागच्या बाजूला, आवाज बंद करून. गोल चांगला होता. त्यामुळे दिवसभर गिऱ्हाइकांवर डाफरत होतो.

आणि फायनल लागली ती आमचीच. तांबडे आणि पांढरे.

त्या दिवशी सकाळी काकीनं आमच्या संघाला नेहमीसारखं ओवाळलं. पोरगं वरच्या खिडकीत उभं होतं. आमचा स्टॉपर, बचावफळीतला सगळ्यात धिप्पाड गडी, पोराच्याच वयाचा. दोघं एका वर्गात होते, एका ताटात जेवलेले. काकीनं त्याच्या कपाळावर कुंकू लावलं आणि म्हणाली, "मार खाऊन येऊ नगंस." त्यानं वर खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "खात न्हाय काकी. देतो."

स्टेडियममध्ये दुपारी तीनलाच पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हात डोकी तापली होती. आमच्या गॅलरीच्या शिव्या सुरू झाल्या त्या पोराच्याच नावानं. मी गेली कित्येक वर्षं एकाच जागी बसतो, लोखंडी जाळीला लागून. तिथून खेळाडूंचे श्वास ऐकू येतात. पहिल्याच मिनिटाला आमच्या स्टॉपरनं त्याला मागून लाथ घातली. चेंडू कुठं होता देव जाणे. पोरगं तोंडावर पडलं, उठलं, थुंकलं. गॅलरी खूष. "मोड पाय, मोड," असा ठेका धरला आमच्या बाजूनं, आणि माझा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता, कारण माझा आवाज जन्मतःच मोठा आहे. तो पडला की आम्ही उभे राहायचो. कोपर बरगडीत, बूट पोटरीवर, हवेतल्या चेंडूला डोकं लावताना गुडघा पाठीत. पंच दोन-तीनदा पिवळं कार्ड दाखवून थकला. पोरानं एकदाही तक्रार केली नाही, पंचाकडे बघितलं नाही. उठायचं, मोजे वर ओढायचं आणि परत डावीकडे जाऊन उभं राहायचं.

हाफटाइमला पाण्याच्या पाऊचचा मारा झाला. मग चपला. मग पायरीची कड फोडून काढलेले तुकडे. आमच्यातल्या एकाचा कान फाटला, त्याच्या भावानं पोलिसांची रांग तोडून तिकडच्या एकाला जाळीवर दाबून इतका बडवला की जाळीची नक्षी त्याच्या गालावर उमटली. पोलिसांनी लाठ्या काढल्या. एक लाठी माझ्या पाठीत बसली, डाव्या फऱ्याच्या खाली. श्वासच अडकला. मी खाली बसलो आणि परत उठलो, कारण दुसरा हाफ सुरू झाला होता.

गोल शेवटाशेवटाला झाला. त्यानं चेंडू डावीकडे घेतला. आमचा स्टॉपर आडवा आला. मला वाटलं आता मोडणार, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी डोळे मिटले. उघडले तेव्हा स्टॉपर जमिनीवर बसला होता, गोलकीपर चुकीच्या बाजूला पसरला होता आणि चेंडू जाळीत होता. पांढऱ्यांची गॅलरी फुटली. आणि आमचं पोरगं नाचलं नाही. हात वर केले नाहीत, जर्सी चुंबली नाही. खाली मान घालून, लंगडत मधल्या रेषेकडे चालत गेलं. नाचलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या देता आल्या असत्या. ते आमच्या समोरून मान खाली घालून गेलं आणि मला इतका संताप आला की मी हातातली पाण्याची बाटली जाळीवर आपटून फोडली.

गच्चीवर काकीनं ती गर्जना ऐकली. तांबडी ओरड आणि पांढरी ओरड तिला वेगळी कळते. बायको मला नंतर म्हणाली की काकी उठली, वाळवणातल्या सांडग्यांवर फडकं टाकून खाली गेली.

मॅच संपल्यावर जे झालं ते पेपरात आलं, त्यात मी वेळ घालवत नाही. गाड्या फुटल्या, एका दुकानाचं शटर वाकलं. आम्ही पळत गल्लीत आलो, कारण आम्हाला माहीत होतं मिरवणूक कुठं येणार. गल्लीच्या तोंडाशी बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. पोरांनी अर्ध्या-अर्ध्या करून ढीग लावला. हॉकी स्टिक आल्या, सायकलच्या चेन आल्या. कुणी लाईट लावायच्या आत हे सगळं झालं, अजून उजेड होता. तालमीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, मिरवणूक रस्त्याच्या अलीकडे येता कामा नये. पोरगं यायचं तर एकटं येईल. आणि त्याला 'दार बंद हाय' हे सांगायला घरचाच माणूस पाहिजे. म्हणून मला पुढे उभा केला.

हलगीचा आवाज आधी आला. मग रस्त्यापलीकडे गुलालाचा ढग दिसला. ते थांबले. त्यांच्या हातातही काठ्या होत्या. दोन्हीकडच्या पोरांच्या मधे फक्त डांबरी रस्ता आणि एक पोलिसांची गाडी, तीही घाबरल्यासारखी कडेला. हलगी थांबली आणि ढगातून एक माणूस बाहेर आला. केसांपासून बुटापर्यंत गुलाल, पांढरी जर्सी कुठं पांढरी होती ते शोधावं लागलं असतं. लंगडत रस्ता ओलांडून तो माझ्यासमोर आला.

"दादा, वाट दे," तो म्हणाला.

"दार बंद हाय. ओवाळणार न्हाय म्हणालीया ती."

"ठावं हाय. दारात बसतो. घर माझं हाय की."

मी वाट दिली नाही आणि अडवलाही नाही. काय करावं हे ठरवायच्या आत माझ्या मागून वीट आली. त्याच्या कानशिलाला लागली. तो गुडघ्यावर बसला. मी मागे वळलो. मारणारा आमच्याच तालमीचा होता, दोन घरं सोडून राहणारा, अजून हात हवेत. मला पुढचं नीट आठवत नाही, लोकांनी सांगितलं तेच सांगतो. मी त्याला खाली पाडून छातीवर बसलो आणि मारत राहिलो. त्याचं नाक फुटलं. पोरं मला ओढत होती आणि मी ओरडत होतो, "मारायचं तर आम्ही मारू, तू कोण रं? घरचं हाय ते, तू कोण?" याला काही अर्थ आहे का? दीड तासापूर्वी मीच 'मोड पाय' म्हणून घसा फोडत होतो. पण घरचं पोरगं घरच्यांनी मारायचं असतं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पोरांनी मला ओढून उभा केला. तोवर पोरगं उठून दारापर्यंत पोचलं होतं. आणि दार उघडं होतं.

काकी उंबऱ्यावर उभी होती. डोक्यावर पदर, हातात ताट. निरांजन पेटलेलं होतं, वारा लागू नये म्हणून तिनं हात आडवा धरला होता. ती शब्द मोडणारी बाई नाही. चुलते वारल्यावर लांबच्या भावकीतल्या एका घराशी तिनं एकदा 'बोलणार न्हाय' म्हटलं ते आजतागायत. त्यामुळे ताट बघून मी गोंधळलो. पोरगंही उंबऱ्याखाली थांबलं.

"ती काढ," काकी म्हणाली.

त्यानं जर्सीला हात घातला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिनं ताट जोत्यावर ठेवलं, जवळ गेली आणि लहान पोराचा सदरा काढावा तशी जर्सी त्याच्या डोक्यावरून ओढून काढली. तो "आई गं" म्हणाला तेवढंच.

गुलाल जर्सीबरोबर गेला. खालचं अंग उघडं पडलं. बरगड्यांवर बुटाच्या खिळ्यांचे ठसे होते, रांगेत, काही लाल, काही काळेनिळे. पाठीवर गुडघ्याचा गोल. कमरेवर सोललेली कातडी, त्यात मैदानातली माती. कानशिलातून मानेवर रक्त येत होतं. काकीनं आधी ते रक्त पदरानं टिपलं. मग खिळ्यांच्या ठशांवर बोट ठेवलं, एकावर, मग दुसऱ्यावर.

"ह्यो कुणाचा बूट?"

"खेळात लागतंय आई."

तिनं आमच्याकडे बघितलं. आमचा स्टॉपर माझ्या शेजारीच उभा होता, कपाळावर सकाळचं कुंकू घामानं पसरलेलं, पायात तेच बूट.

"इतकी वर्सं ह्याच पायांस्नी ओवाळलं मी," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं. "सकाळी बी ह्यांस्नीच ओवाळलं."

एकाच्या हातातली चेन खळकन खाली पडली. काकीनं ताट उचललं, पोराच्या कपाळावर कुंकू लावलं आणि निरांजन फिरवलं. पांढऱ्या रंगात ओवाळणार नाही म्हणाली होती, आणि तिनं पांढऱ्या रंगात ओवाळलं नाही. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत घेतलं. तो आत गेला आणि भिंतीला धरून खाली बसलेला मला दिसला.

मग तिनं मला हाक मारली. जर्सीची घडी करून माझ्या हातात दिली. "जा. ज्यांची हाय त्यांस्नी देऊन ये. पोरं वाट बघत्यात. सांग, ओवाळून घेतला म्हणून."

ज्या पांढऱ्या जर्सीला मी हात लावणार होतो तो फक्त काडी लावायला, ती दोन्ही हातांत धरून मी गल्लीतून चालत निघालो. ओली होती, जड होती. गुलाल, घाम, रक्त आणि आमच्या बुटांची माती, सगळं माझ्या तळव्याला लागत होतं. आमची पोरं दोन्ही बाजूंना सरकली. विटांच्या ढिगाजवळून जाताना स्टॉपरनं तोंड फिरवलं. ज्याचं नाक मी फोडलं होतं तो ओट्यावर बसून मान वर करून नाक दाबत होता. कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही. रस्ता ओलांडला. पांढऱ्यांचा कॅप्टन पुढं आला. मला ओळखत होता, माझ्या भुवईकडे बघत होता.

"काकीनं ओवाळलं व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

त्यानं जर्सी दोन्ही हातांनी घेतली. मागे वळून मान हलवली, हलगी सुरू झाली आणि ते आपल्या तालमीकडे निघाले. मी परत फिरलो. माझं मत बदललं नव्हतं. खेळाडूनं तालीम बदलू नये असंच मला तेव्हाही वाटत होतं, आणि कुणी विचारलं तर आजही मी हेच सांगेन. फक्त घसा बसला होता आणि पाठ आता दुखायला लागली होती.

परत आलो तेव्हा पोरं पांगली होती. दार अजून उघडंच होतं. आत काकी जमिनीवर बसून पोराच्या बरगड्यांना हळद लावत होती आणि ते दात-ओठ खात शिव्या घालत होतं, आमच्या स्टॉपरच्या नावानं, नाव घेऊन. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. आत जावं की नाही कळेना.

काकीनं वर बघितलंही नाही. हळदीची वाटी माझ्या बाजूला सरकवून म्हणाली, "ये हिकडं. तू बी शर्ट काढ. बघू दे तुला कुणी कुठं मारलंय."

मी काढला.